दोनशे मीटर

कुष्टा मळीकच्या सुटकेच्या कागदावर सात अटी आहेत.
सहा सगळ्यांना असतात त्याच:
दर सोमवारी पेडणे ठाण्यावर सही,
दारू नाही, गोव्याबाहेर जायचं तर विचारून,
वगैरे.
सातवी त्याच्या एकट्याची.
मानशीपासून दोनशे मीटर लांब राहायचं.

मी फोंड्याची. मानस म्हणजे मन, एवढंच मला ठाऊक.
आगरवाड्यात आल्यावर पाहिलं,
नदी आणि खाजन यांच्यामधलं ते लाकडी दार.
भरतीला आपलं आपण मिटतं, सुकतीला उघडतं.
कुलूप नाही, शिपाई नाही.
कोलवाळच्या दाराला दोन्ही होते,
आणि कुष्टा त्याच्या आत सहा वर्षं.

मानशीत जाळं लावायच्या हक्काची पावणी होती तेव्हा.
बोली चढत गेली, मग आवाज चढले,
मग वल्हं.
फटका एकच, निकालपत्रातही तसंच आहे.
सगुण केरकराचा डावा डोळा.

पहिल्या भेटीत मी पावलं मोजली.
माझी दोनशे ऐंशी भरली, मिठागराच्या कोपऱ्यापाशी.
कुष्टाने तिथे एक चिरा आणून ठेवला,
वर चुन्याचा पट्टा ओढला,
हात धोतराला पुसत म्हणाला,
“बाय, ही म्हजी शीम.”
त्यानंतर चौदा महिने
“हय” आणि “ना” यांखेरीज काही नाही.

भाद्रपदातली पुनव.
मी त्याच्या ओट्यावर बसून फॉर्म भरत होते.
कमाई: पागायला जातो, जेमतेम.
शेजाऱ्यांचं मत: बरं.
पश्चात्ताप: (इथे एकच रेघ सोडलेली असते)
तेवढ्यात बांधावरून कुणीतरी ओरडलं.

दारात ओंडका अडकला होता.
फटीतून नदी आत येत होती,
आणि कोरगूट पोटरीला आलेलं.
छातीभर पाण्यात सगुणाचा सर्वेश,
एकोणीस वर्षांचा, यंदाची पावणी त्याची,
ओंडका ओढत होता. चुकीच्या बाजूने.

कुष्टा धावला. मी मागून, चपला हातात, फॉर्म काखेत.
चिऱ्यापाशी तो थांबला.
देवळाच्या पायरीशी
वहाणा काढायला थांबतो माणूस, तसा.

आणि तिथून त्याने हाक घातली.
“ओढू नाका! बुडय ताका!
पाय सकयल, बिजागरीत!
राव. लाट वचूं दी.
आतां!”

सर्वेशने मान वळवली नाही.
हा आवाज त्याने अकराव्या वर्षी ऐकला होता,
पावणीच्या दिवशी, बापाच्या शेजारी उभं राहून.
मान वळवली नाही, पण ओंडका बुडवला,
पाय बिजागरीत घातला, थांबला,
लाट गेली.

दार मिटल्याचा आवाज फार मोठा नसतो.
ओल्या पोत्यावर पोतं टाकावं तेवढाच.

बांधावर सगुण उभा होता, विजेरी घेऊन.
उजेडाचा झोत आमच्याकडे वळला,
चिऱ्यावर आला, मग कुष्टाच्या पायांवर.
अंगठे पट्ट्याच्या अलीकडे, दोन बोटं सोडून.
झोत तिथे बराच वेळ राहिला.
मग विजेरी विझली.
कुणी कुणाला काही म्हटलं नाही.
कुष्टा खाली बसला आणि त्याला खोकला लागला.

अटीचा भंग: होय / नाही.
‘होय’वर काट मारली.
आवाजाने किती लांब राहायचं
ते कागदात कुठेच नाही. मी दोनदा वाचलं.

पणजीत साहेबांनी फॉर्म उजेडात धरला.
“पश्चात्तापाच्या रेघेवर हा कसला डाग?”
खारं पाणी, म्हटलं.
“नवा भरा.”
बरं म्हणाले.
अजून भरलेला नाही.