खरवड

गावाचं नाव हल, पण फेब्रुवारीत
इथं नदीच काय ती हलते, तीही मळकट.
गुरुवारी वाचनालयाच्या माडीवर परदेशी सिनेमा,
तिकीट दोन पौंड, त्यात चहा.
ऑड्री पिकरिंगबाई स्वतः पडदे ओढतात,
प्रोजेक्टरला टपली मारतात
आणि दर वेळी बजावतात,
आज वाचावं लागेल हं, चष्मे लावा.

आम्ही अकरा जण. मी रक्ताच्या नळ्या मोजून थेट आलेली,
हाताला अजून स्पिरिटचा वास.

पडद्यावर ट्रॅक्टर. मागं ट्रॉलीत
गाद्या, एक कोंबडी,
प्लास्टिकच्या खुर्चीला दोरीनं बांधलेले आजोबा
आणि एक बाई, मांडीवर पातेलं घट्ट धरून.
कुठून कुठे, ते सिनेमा सांगत नाही.
डोंगर दोन्हीकडून सारखाच बोडका.
बॉम्ब पडतात ते लांब,
वरच्या मजल्यावर कुणी पलंग सरकवावा तसे.

मग नाका. मिसरूड न फुटलेला शिपाई
बंदुकीच्या नळीनं पातेल्याचं झाकण उचलतो.
बाई काहीतरी म्हणते.
खाली पांढरी अक्षरं: बाळा, थोडं खाऊन घे.
ऑड्रीबाई चुकचुकतात.

आणि माझ्या शेजारचा माणूस
खो खो हसत सुटतो. एकटाच.
माना वळतात.
हसू थांबतं, तेव्हा तो नाक पुसतो,
बराच वेळ.

संपल्यावर जिन्यात गाठ पडली.
नाव रेबवार. कॅरॅव्हानच्या कारखान्यात
चाकांवरच्या घरांना खिडक्या बसवतो.
"चुकीचं लिहिलंय," म्हणाला, "खाऊन घे नाही म्हणाली ती."
इंग्रजीत शब्द सापडेना.
तळहाताचं पातेलं केलं, नखांनी तळ ओरबाडला.
"हे. खाली लागलेलं. घरात सगळ्यात धाकट्याचं असतं ते."

"खरवड," मी म्हणाले. सरळ मराठीत.
(आमच्याकडे खरवड दुधाची, भाताची ती खरपुडी,
पण हा बारकावा जिन्यात कुठे सांगत बसू.)
"शेंडेफळाची."
नऊ वर्षांत हे दोन शब्द
या गावात मी कुणापुढे काढले नव्हते.
त्यानं मान डोलावली. काय कळलं, कोण जाणे.

म्हणजे बंदूक रोखून आलेल्याला
बाईनं घरातलं धाकटं पोर करून टाकलं होतं,
भर नाक्यावर, सगळ्यांदेखत,
आणि आम्ही दहा जण नुसते हळहळलो.

बसथांब्यावर वारा असा की छत्री उलटी.
"तो घाट," तो म्हणाला,
"सिनेमात अकरा मिनिटांत ओलांडला. मी घड्याळ लावलं होतं."
मी काही विचारलं नाही. त्यानंच बोटं दाखवली, नऊ.
मिनिटं नव्हेत. रात्री.

माझी सरहद्द म्हणजे विमानतळावरची पिवळी रेघ.
तिच्यामागं उभं राहून मी चिक्की खाल्ली होती,
पुढे नेऊ देणार नाहीत या भीतीनं,
आख्खा पाव किलो.
हे त्याला सांगितलं. तो हसला,
पण मघासारखं नाही.

"पुढच्या गुरुवारी कोरियन आहे," म्हणाला.
"मग मलाही वाचावं लागेल."
तेवढ्यात बस आली.
त्याची नव्हती.