हमाली

आमच्या पट्टीवर चार रकाने:
वजन, दर, तोलाई, हमाली.
नऊ वर्षं भरतेय, सांगलीच्या यार्डात,
राजापुरी हळदीच्या सौद्यावर.
धूळ आता नाकाला कळतही नाही,
फक्त रुमाल धुतला की पाणी पिवळं.

शब्दाकडे कधी बघितलं नव्हतं.
जतचा ट्रकवाला कानडीत भांडायचा,
त्यातलं 'हमाली' तेवढं कळायचं.
निजामाबादचा तेलुगूत भांडायचा,
तिथंही तोच शब्द, घासाघीसही तीच.
वाटायचं, इथूनच गेला असणार
एखाद्या पोत्याला चिकटून.

दस्तगीर म्हणाला, नाही ताई,
माझा भाव बसऱ्याच्या धक्क्यावर होता दोन वर्षं,
बोटीतनं उतरल्या उतरल्या त्यानं हाच ऐकला,
जरा घशातनं, 'म'वर जोर देऊन.
एवढं बोलून आकडी खोचली,
साठ किलो पाठीवर घेतले
आणि गेला. झाला सांगून अर्थ.

सातव्या महिन्यात मिरजेला तपासायला गेले.
बाकावर शेजारी एक म्हातारी, सुनेबरोबर आलेली.
"कौनसा हमल है, बेटी?"
म्हटलं, हमाल नाही हो, मी कारकून.
ती हसली तेव्हा तोंडातलं अख्खं पान दिसलं.
"अगे पगली, ये!"
बोट माझ्या पोटाकडे.

दुसरं, म्हटलं मी.
पहिलं कुठंय, ते तिनं विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये दोन्ही शब्द
शेजारी शेजारी ठेवून पाहिले.
एका कान्याचा तर फरक.
पाठ सरळ, दस्तगीर नव्या पोरांना शिकवतो,
कमरेनं नाही, मांडीनं उचलायचं,
काना असा उभा ठेवायचा.
(काना मी म्हणतेय. त्याला लिहिता येत नाही.)

सकाळी त्याला सांगितलं.
"असणारच की. वाहायचं ते वाहायचंच."
टॉवेल झटकला. पिवळा ढग उठला.
"पर आमचं सांजच्याला उतरतंय, ताई."

मी काही बोलले नाही.
आमचं एक चौथ्या महिन्यातच उतरलं होतं,
वजन न होता,
त्याची पट्टी कुणी फाडली नाही.

आत काहीतरी कूस बदललं.
'हमाली' लिहिताना काना लांबला,
खालच्या ओळीतल्या दरात घुसला.
मालक म्हणाले, बाई, रेघ सांभाळा.