शंभर मोजताना

दोंडाईचा. मार्केटच्या मागची गल्ली.
फेब्रुवारी ते एप्रिल मी लॅबची खिडकी उघडत नाही.
पथाऱ्यांवर मिरची वाळत असते
तेव्हा हवेलाच ठसका लागलेला असतो.

लिशमनचा रंग काचेवर ओततो, घड्याळ लावतो,
नळाखाली धरतो. जांभळं पाणी बेसिनमधून निघून जातं.
मग तेलाचा एक थेंब, आणि शंभराची लेन्स खाली.
डाव्या हाताशी काउंटर. पाच बटणं, पाच जाती,
शंभर झाले की टिंग.
एकोणीस वर्षं हेच वाजवतोय.

केवळबाई मालचे मिरचीचे देठ खुडते.
तिच्या काचेवर शंभरात बावीस इओसिनोफिल.
पोटात शेंदरी दाणे ठासून भरलेली पेशी,
जणू पथारीवरूनच मूठभर उचलून आत शिरली.
हिचं खरं काम जंतांशी.
केवळबाईच्या छातीत जंत नाही, नुसती धूळ.
ही आपली धुळीशी लढत बसते
आणि दम लागतो केवळबाईला.

मागे मीच तिला बाकावर बसवून सांगितलं होतं,
पांढऱ्या पेशी म्हणजे राखणदार, मावशी.
(सोपं करून सांगायची सवय लागते.)
पायात बाभळीचा काटा मोडला की पू येतो,
ती घाण नाही, ते कामावर मेलेले राखणदार.
ती हसली होती,
"इतला लोके मनाकरता मरतस?"
मग पदर सारून दंडावरचा देवीचा व्रण दाखवला,
जुन्या रुपयाएवढा.
म्हटलं, गोल केंद्रकाच्या, कमी बोलणाऱ्या काही पेशी असतात,
त्यांना अजून ती देवी आठवत असेल.
गाव विसरलं.

आज तिचा नातू.
भटू, वय नऊ, तीन आठवडे ताप,
हिरड्यांतून रक्त, नडगीवर निळे डाग.
लेन्स खाली केली
आणि काउंटरवरचं बोट तसंच राहिलं.

सगळ्या एकसारख्या.
कच्चं, मोठं केंद्रक, भोवती जेमतेम निळी किनार.
हाडाच्या आतल्या मऊ घरातून
काहीही शिकायच्या आत बाहेर पडलेल्या.
यांना काटा कळत नाही, ताप कळत नाही.
एकाच्या दोन व्हायचं कळतं,
दोनाच्या चार.
एक लाख चाळीस हजार.
माझ्या पाच बटणांत यांची जात नाही.

सही डॉक्टरांची, ते धुळ्याहून संध्याकाळी येतील.
तोवर तोंडाला कुलूप, असा नियम.
केवळबाई दारातून म्हणाली, "धवळ्या कितल्या निंघन्यात?"
आणि आकडा सुटला माझ्या तोंडून.

ती उजळली.
"वाढन्यात म्हणजे चांगलंच व्हयनं ना, भाऊ?
राखणदार वाढनात."

तो शब्द मी परत मागायला हवा होता.
दिलेला शब्द कसा मागतात
हे कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नाही.

भटूला काउंटर हवा होता. दिला.
तो मोठ्याने मोजत बटण दाबत बसला,
एकोणसत्तरला अडला, साठवर गेला, पुन्हा आला.
मी काचेच्या शेवटाकडे सरकत राहिलो,
जिथे रक्ताचा थर पिसासारखा विरळ होतो.

एक सापडली.
तीन कप्प्यांचं केंद्रक, जुनी, शिकलेली,
कशाच्या तरी मागे निघालेली असताना
रंगात थांबलेली.

टिंग.
"शंभर," भटू म्हणाला.
मी कागदावर एक लिहिला.