दुमड

सातवी ब. चपला दाराबाहेर.
गिरासे सिस्टर आकडे सांगतात, मी रजिस्टरात लिहितो.
शाळेमागच्या माळावर मिरची पसरलीय,
वारा फिरला की अख्खी रांग शिंकते
आणि वजनाचा काटा शिंकेगणिक थरथरतो.

तुषार भामरे. एकशे एक्केचाळीस. एकतीस किलो.
मुजाहिद खाटीक. टाचा उचलतो. पुन्हा.
धनराज भोई खिशातून तीन गोट्या आणि एक नट
काढून टेबलावर ठेवतो, वजन खरं यावं म्हणून.
काट्याला त्यातलं काही कळत नाही.

“सर, मनी उंची कितली व्हयनी?”
पायल ठेलारी. गेल्या वर्षापेक्षा सहा सेंटिमीटर.
“सहा!” ती रांगेला ओरडून सांगते,
जणू परीक्षेत पडलेत.

माझे वडील शिंपी होते, याच दोंडाईचात, स्टेशन रस्त्याला.
टेप गळ्यात, पेन्सिल कानावर,
शाळेच्या गणवेशांची मापं बिडीबंडलाच्या कागदावर.
छाती, कंबर, बाही,
आणि प्रत्येक मापात दोन बोटं जास्त.
“वाढतं आंग से,” म्हणायचे.
आत दुमडून ठेवलेलं ते कापड
दर जूनला थोडं उसवायचं.

रजिस्टरात दोन बोटं जास्त लिहायची सोय नाही.

मग रक्तदाब.
मुलांचा पट्टा एकच, त्याचं चिकटणं गेलंय,
सिस्टरनी परकराची नाडी बांधलीय.
मोठ्यांचा पट्टा आहे, पण पोरांच्या दंडावर
तो बापाच्या सदऱ्यासारखा होतो,
आकडा खोटा येतो
आणि खोटा असून चांगला येतो.
म्हणून थांबायचं. एका वेळी एक दंड.

हवा भरते. पोरं हसतात.
मग हसणं थांबतं,
आत कुणीतरी दार वाजवतंय
हे त्यांना पहिल्यांदाच कळतं.

पायल. एकशे चौतीस, नव्वद.
सिस्टर माझ्याकडे बघतात. मी पेन टेकवत नाही.
“पळत आलीस?”
“नही.”
“भ्याव वाटस?”
“नही ना, बाई.”
पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीला.
बाक उंच, पाय लोंबकळतात,
धनराज धावत जाऊन दोन विटा आणतो.
एकशे बत्तीस. दुसरा हात.
एकशे चौतीस, अठ्ठ्याऐंशी.
पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या पुन्हा.
आकडा हटत नाही.

तीस किलोची पोर.
स्टाफरूममध्ये म्हणतात, ते लठ्ठ पोरांना होतं,
वेफर्स खाणाऱ्या, शहरातल्या.
कुवर डॉक्टर मान हलवतात.
“मोठ्यांचं कारण बऱ्याचदा सापडत नाही.
एवढ्या लहान, बारीक पोरीत शोधलं पाहिजे.”
चिठ्ठीवर लिहितात: लघवी, किडनी, सोनोग्राफी. धुळे.

संध्याकाळी मी माळावर जातो.
तिची आई देठ खुडतेय,
हात अंगापासून लांब धरून बोलते, डोळ्यांना लागू नयेत म्हणून.
“तिले काय व्हयनं, सर? जेवस, पयस, भांडस.”
मी म्हणतो, तेच तर. दिसत नाही.
ती चिठ्ठी हातात घेत नाही, पदराचं टोक पुढे करते,
मी त्यात ठेवतो.
बराच वेळ काही नाही. मग,
“उंची वाढनी ना पन?”
“वाढनी. सहा.”

सोमवारी सकाळची धुळे बस.
आई रोजावर, म्हणून मी सोबत.
पायल गणवेशात आलीय, तिच्याकडे तोच बरा.
बाही मनगटाच्या बरीच वर.
तिकीट देताना ती उलटून बघितली,
सवयीने, आत काही आहे का.
काही नव्हतं. तयार कपडा,
गठ्ठ्याने आलेला, काठाला लागून शिवलेला.

नरडाणा गेल्यावर ती खिडकीतून तोंड वळवते.
“सर, तठे धाकला पट्टा से का?”