शेरा

दिवसभर मी पाइपांच्या सांध्यांचे एक्स-रे बघतो.
फिल्म उजेडावर धरायची.
फिक्या पट्टीत काळा ठिपका, म्हणजे आत हवा राहिली,
काळी बारीक रेघ, म्हणजे भेग.
खाली एक शब्द लिहायचा : पास. नाहीतर : दुरुस्ती.
वेल्डरचं नाव तिथे नसतं, नंबर असतो,
आणि साहेब असं का, म्हणून
आजवर एकही नंबर मला विचारायला आला नाही.

त्यामुळेच असेल, वर्तकांनी मला परीक्षक केलं.
सोहारच्या मंडळाची स्पर्धा, शंभर शब्दांत कथा.
त्रेचाळीस आल्या. नावं झाकलेली, फक्त क्रमांक.
"दोन-दोन ओळी अभिप्राय द्या हो प्रत्येकाला,
नुसते मार्क दिले की माणसं रुसतात."

गुरुवारी रात्री बसलो. ऑगस्ट,
एसी आत, आणि काचेला घाम बाहेरून.
थर्मासमध्ये करक, हातात तांबडं पेन
(घरी दुसरं सापडलं नाही).

अकरा कथांत शेवटी कळतं की तो मेलेलाच होता.
एकाने उंट आणलाय, चांदण्यात, एकटा.
मी दहा वर्षांत उंट पाहिला तो
टोयोटाच्या हौद्यात गुडघे मुडपून बसलेला,
सिग्नलला माझ्याकडे बघत.
"शेवट सोळाव्या शब्दालाच कळला" असं लिहिलं,
मग खोडलं, "शेवट अजून थोडा झाकता आला तर..."
माणूस रुसू नये म्हणून किती टिंबं लागतात.

क्रमांक सात : विमानतळावर उघडी बॅग,
तीस किलोंना दोन किलो जास्त,
एका हातात दूध पावडरचा डबा, दुसऱ्यात बाहुली,
आणि मागे रांग.
याला कळलंय शंभर शब्द म्हणजे काय.
पहिला नंबर तिथेच दिला.

क्रमांक एकोणीस.
फलजच्या कॅम्पात एक जण दर शुक्रवारी
खोलीतल्या आठ जणांचे केस कापतो.
एका शुक्रवारी अचानक सातच असतात.
मशीन साफ करायला घेतो,
दात्यांत अचानक त्या आठव्याचे केस.
तो फुंकर मारत नाही.
संपली.

शुक्रवारचा शु दीर्घ, दातेला काना,
मी एकेका चुकीला गोल केला, सवयीने,
आणि खाली लिहिलं :
शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.
आठव्या माणसाला नाव असते, तर कथा अधिक भिडली असती.
शंभरपैकी एकसष्ट.

निकाल लागला. बक्षीस समारंभात समोसे होते.
चार दिवसांनी वर्तकांकडून नंबर घेऊन
एकाने फोनवर लिहून पाठवलं :
सर नाव होतं. शंभरात बसेना म्हणून काढलं.

रात्रपाळी होती. उजेडाच्या पेटीवर
कुणाचातरी सांधा तसाच राहिला.
मी लिहिलं : पहिलं अचानक काढा.
मग लिहिलं : दुसरंही काढा.
अचानक होतं ते सांगावं लागत नाही.
तिथे नाव बसेल.

बराच वेळ काही नाही.
बंदरावरचा भोंगा झाला, बदलीची माणसं
जेवणाचे डबे वाजवत आत गेली.

मग आलं :
नाव तीन शब्दांचं आहे सर.
लहू रामा गोताड.
नुसतं लहू नाही चालायचं,
कॅम्पात लहू तिघं होते.

निकाल तर लागून गेलाय. कुणी मोजणार नाही आता.
तरी कागद पुन्हा उजेडावर धरलाय मी,
माझे तांबडे गोल त्याच्या अक्षरांवरून दिसतायत,
आणि कुठला काढता येईल,
तो एक शब्द
शोधतोय.