पंचवीस नंबरचं दार

सायबर कॅफे बंद करताना हिलालभाऊनं
सहा डबडी वजनावर विकली.
एक मी घेतलं, सातशेला,
आणि ठेवलं मागच्या खोलीत, दादरच्या कोठीशेजारी,
खाली दोन विटा.
फुंकर मारली तर पंख्यातून कापूस उडाला,
मागच्या जिनिंगचा,
किती हंगामांचा कोण जाणे.

विंडोज पुसलं. लिनक्स टाकलं.
काळ्यावर पांढरी अक्षरं बघून आई म्हणाली,
"हाई काय व, पाटीवर लिखी राह्यनी का?"
हो, म्हटलं, पाटीच.

कारण आधी पाटी लागते.
अमळनेरच्या या गल्लीत या नावाचं टपाल घेतलं जातं
हे सगळ्या जगाला एका ओळीत सांगायचं,
आणि त्या ओळीच्या शेवटी एक टिंब राहिलं
तर जग भलत्याच घरी जातं.
माझं राहिलं होतं. दोन दिवस.

मग पंचवीस नंबरचं दार.
टपाल तिथूनच ये-जा करतं, आणि कंपनीनं त्याला
बाहेरून कडी लावून ठेवलेली.
नाशिकला फोन. "मॅडम, घरगुती कनेक्शनला मिळत नाही."
का मिळत नाही?
"घरगुती आहे म्हणून, मॅडम."

शेवटी केबलवाल्या रोहिदासनं
एक कायमचा आकडा काढून दिला, महिन्याला दीडशे जास्तीचे.
आकडा निघाला बदनाम.
आधीच्या भाडेकरूनं त्यावरून
देशोदेशी लॉटऱ्या लागल्याची पत्रं धाडलेली.
त्याची उधारी निस्तरत मी तीन आठवडे
अर्ज करत बसले:
घर तेच आहे, माणूस बदललाय.

संध्याकाळी भिला आप्पा येतात.
एकतीस वर्षं सायकलवर, बोरीकाठची नऊ गावं,
आणि खात्याच्या कागदावर शेवटपर्यंत खातेबाह्य.
उंबऱ्यात टेकून विचारतात,
"टपाल कोठे उतरस व, पोरी?"
मी रांग दाखवते. एकच पत्र, अडकलेलं,
उधन्याच्या नलूला.
पलीकडचं मोठं यंत्र म्हणतंय,
तुम्हाला ओळखत नाही, थोड्या वेळानं या.
मी बिघाड शोधत होते.
आप्पांनी चष्मा न लावताच सांगितलं, घर बंद.
"घर बंद राह्यनं ते दुसरा दिन जानं. तिसरा दिन जानं."
पाच दिवस जातं, म्हटलं. मग परत फिरतं.
"आमनं सात," आप्पा म्हणाले.
दोन दिवसांचा तो मोठेपणा
बराच वेळ त्यांच्या मिशीवर राहिला.

पहाटे तीनला लाइट गेली.
इन्व्हर्टर कुरकुरला, आणि लॉगची एक ओळ वर सरकली:
दोनशे पन्नास. घेतलं.
मी तसाच नलूला फोन लावला.
"काही नाही आलं गं," झोपेत.
कचऱ्याच्या डब्यात बघ.
"... आहे. लॉटरीच्या खाली.
अगं, नुसतं 'पोचलं का' एवढंच?"

एक जुना नियम आहे,
प्रत्येक टपालघरात पोस्टमास्तर या नावाचा पत्ता
असावाच लागतो, कुणी बसत नसलं तरी.
तिथं मी आप्पांचं नाव टाकलं, न विचारता.
सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढली,
आतली घामाची पट्टी पुसली,
परत घातली. चहा अर्धाच प्यायले.

रात्रभर कोण कुठून कडी वाजवतं,
रूट आहे का, अ‍ॅडमिन आहे का,
काल चार हजार वेळा.
मी आतून गप्प.

आप्पा रोज विचारतात,
"पोस्टमास्तरना नाववर काही उनं का?"
नाही, आप्पा.
"मंग बराबर चाली राह्यनं," म्हणतात
आणि वाकून त्या डबड्याला कान लावतात,
पंख्यात पुन्हा कापूस बसलाय का
ऐकायला.