करंट गेल्यावरची शाळा

वडगावात, आमच्या गल्लीत
माणूस जन्मतो तोच मागाच्या आवाजात.
पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मागच्या खोलीत आम्ही तिघं,
मधे एक पडदा.
पडद्यानं आवाज अडत नाही,
नुसता कापसाचा भुगा अडतो, तोही अर्धाच.

त्यामुळं उन्नती बोलत नाही, वरडते.
भात मागते वरडून, गुपित सांगते वरडून,
झोपेत बरळते तेही वरच्या पट्टीत.
अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, कान दाखवून आणा हिचे.
सिव्हिलमधल्या डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं,
म्हणाला, कान ठणठणीत आहेत. घर कुठं तुमचं?
मी सांगितलं.
तो हसला. माझे कान त्यानं बघितले नाहीत.

आता सोमवारी शाळा.
हळू बोलायला शिकवायचं तर शांतता पाहिजे,
आणि शांतता आमच्याकडं हेस्कॉमच्या हातात.
करंट गेला की धोटा मधेच थांबतो,
गल्ली एकदम अशी होते, जसं कुणी गेलंय.
मी हात पुसतो, आणि आमची शाळा भरते.

मी बाई होतो. भारती पोरं होते, सगळीच्या सगळी.
उन्नती दारातनं येते, चप्पल जोडीनं ठेवते,
उजवी डावीकडं, रोज.
नाव काय बाळ तुझं?
उन्नती परशराम हुंदरे!
कशाला वरडूलालीस गे? माग बंद हाय. ऐक जरा.
ती ऐकते. म्हणते, कुणाचातरी कुकर.
असेल.
मग म्हणते, बाबा, आपलं घड्याळ वाजतंय.

डब्याचं झाकण तिच्यानं निघत नाही.
भारतीनं त्याला खोबरेल लावलं,
आता ते दप्तरातच निघतं.

शाळा मराठीच, पण तिथली शिपाईबाई गोकाककडची,
तिला पोरीचं कळलं नाही तर?
म्हणून शेजारची गंगव्वा उंबऱ्यावर बसून
कांड्या भरता भरता शिकवते: नीरु बेकु.
उन्नती म्हणते नीरु बेकु,
आणि खरोखरचा तांब्या येईपर्यंत म्हणत राहते.
आणि एकीला जायचं झालं तर? मी विचारलं.
वंदक्क, म्हणाली गंगव्वा, आणि करंगळी वर केली.
वंद म्हणजे एक. मग ही एकीच झाली की!
वीस वर्षं एका भिंतीला दोन चुली आमच्या,
आणि हे कळलं आज.
भारती हसून हसून खाली बसली.
तिघांनी करंगळ्या वर केल्या, चौथी पोरगी
खरंच पळाली मोरीकडं.

दाखल्यावर नाव कन्नडमधनं आलंय.
मला त्या अक्षरांत नुसते सुताचे वेढे दिसतात.
गंगव्वाच्या इराण्णानं वाचून दाखवलं: हुंदरी.
हुंदरे नव्हे, हुंदरी.
दुरुस्तीला अर्ज, अर्जाला झेरॉक्स,
झेरॉक्सला दोन दिवस माग बंद.
राहू दे म्हटलं.
त्या नावाचा सराव मात्र आम्ही घेतला नाही.
हाक आली तर ती ओ देईल का, माहीत नाही.

रविवारी करंट गेलाच नाही.
शहापूरच्या शेठला सकाळी साडी द्यायची,
पदर अर्ध्यावर.
गल्लीतले बाकीचे माग नऊलाच थांबलेले.
साडेनऊला मी उठलो
आणि मेन स्विच खाली ओढला.
भारती काही बोलली नाही, मेणबत्ती घेऊन आली.

उन्नती दारातनं आली.
चप्पल ठेवली, उजवी उजवीकडं.
नाव काय बाळ तुझं?
तिचे ओठ हलले. बराच वेळ हलले,
म्हणजे पूर्ण नाव सांगितलं असणार.
भारतीनं टाळी वाजवली.
मला काही ऐकू आलं नाही.
मी वाकलो, कान तिच्या तोंडाशी नेला.
पुन्हा सांग, म्हणालो, जरा मोठ्यानं.

तिनं मान हलवली,
आणि बोट ठेवलं ओठांवर,
माझ्या.